मदत हवी आहे: डिस्कलेस लॅबमध्ये क्लायंटवरच्या नको त्या सर्व्हिसेस कमांड लाईनवरून बंद कशा ठेवायच्या? (एलटीएसपी, उबंटू २२.०४)

नमस्कार मंडळी,

जरा मोठं लिहितेय, कारण सेटअप सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत टाईप केल्यात, तेवढं समजून घ्या.

मी तालुक्याच्या गावी ज्युनियर कॉलेजला आयटी शिकवते. लॅबमध्ये २० जुने डेस्कटॉप आहेत, बहुतेकांना २ जीबी रॅम, हार्ड डिस्क एकेक करून गेल्या तेव्हा सगळ्यांच्याच काढून टाकल्या आणि एक बऱ्यापैकी सर्व्हर घेऊन त्यावर एलटीएसपी (सर्व्हरवरची एकच सिस्टीम नेटवर्कवरून सगळ्या मशीनना देणारं सॉफ्टवेअर) बसवलं. मशीन (म्हणजे क्लायंट) चालू केलं की नेटवर्कवरून बूट होतं, इमेज (अख्ख्या सिस्टीमची एका फाईलीतली प्रत) एनएफएसवरून (नेटवर्कवरून फाईली देण्याची पद्धत) येते, आणि क्लायंटवर जे काही लिहिलं जातं ते रॅममधल्या ओव्हरलेत (इमेजवरच्या तात्पुरत्या थरात) जातं म्हणजे रिबूट केलं की साफ. मुलांच्या होम डिरेक्टरी मात्र सर्व्हरवरून माउंट होतात त्यामुळे त्यांच्या फाईली राहतात. इमेज वेगळ्या क्रूटमधून (फोल्डरमध्ये बसवलेल्या वेगळ्या सिस्टीममधून) बनवत नाही, सर्व्हरचीच सिस्टीम घेऊन `सुडो एलटीएसपी इमेज /` करते. एकच सिस्टीम अपडेट करायची, एकच सांभाळायची, ही सोय मला सोडायची नाहीये.

आता अडचण. सर्व्हरवर मायएसक्यूएल (डेटाबेस) आणि अपाची (वेब सर्व्हर) आहे, कारण बारावीला पीएचपी आहे. शिवाय हजेरीसाठी एका माजी विद्यार्थ्याने लिहून दिलेला छोटा प्रोग्राम आहे, तो पण सर्व्हिस (मागे आपोआप चालणारा प्रोग्राम) म्हणून चालतो. इमेज सर्व्हरचीच असल्यामुळे या तिन्ही गोष्टी प्रत्येक क्लायंटवर पण सुरू होतात! म्हणजे २० मशीनवर २० मायएसक्यूएल. २ जीबीच्या मशीनवर त्यातच डेस्कटॉप, त्यातच ब्राउझर, दोन टॅब उघडल्या की मशीन अडकतं आणि पोरं नुसती बसून राहतात.

त्याहून वाईट म्हणजे मुलं लोकलहोस्टला (म्हणजे समोरच्याच मशीनला) कनेक्ट करून टेबल बनवतात, डेटा भरतात, सगळं व्यवस्थित चालतं आणि दुसऱ्या दिवशी टेबल गायब. डेटाबेस त्या क्लायंटच्या रॅममध्ये होता, मशीन बंद झालं आणि गेला. एका मुलीने अख्खी लायब्ररीची डेटाबेस बनवली होती, दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे बघत होती आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आहे, त्यामुळे हे मला मनापासून सोडवायचंय.

मला हवंय ते असं: सर्व्हरवर तिन्ही सर्व्हिसेस चालू, क्लायंटवर तिन्ही बंद. अपवाद एकच, माझ्या टेबलवरचा क्लायंट, तिथे अपाची लोकल चालू राहिलं पाहिजे, कारण सर्व्हिस बंद केल्यावर ब्राउझरमध्ये काय येतं, परत सुरू केल्यावर काय येतं हे मी प्रोजेक्टरवर दाखवते आणि त्यासाठी सगळ्यांचं अपाची पाडायचं नाहीये.

सर्व्हरवरच `सिस्टमसीटीएल डिसेबल` करून इमेज बनवली तर सर्व्हर रिबूट झाल्यावर तिथेही बंद राहणार, ते चालणार नाही. प्रत्येक क्लायंटवर जाऊन स्टॉप केलं तर आमच्याकडे लाईट दिवसातून किती वेळा जाते ते सांगायला नको, परत बूट की परत सुरू. सर्व्हरला मॉनिटरही नाही, सगळं एसएसएचने करते, त्यामुळे माऊसवाला उपाय नको. आणि नेटवर शोधलं की `एलटीएसपी-अपडेट-इमेज` आणि `एलटीएस डॉट कॉन्फ` वाले लेख येतात, त्या कमांड माझ्याकडे अस्तित्वातच नाहीत.

कोणी असा सेटअप चालवतंय का?

प्रतिसाद १

मॅडम, ते जुने लेख बाजूला ठेवा. एलटीएसपी २०१९ साली पूर्ण नव्याने लिहिलं गेलं, त्याआधीच्या पाचव्या आवृत्तीच्या कमांड आता नाहीत, आणि कॉन्फिग फाईलचं नावही बदललं. आताची फाईल म्हणजे `/ईटीसी/एलटीएसपी/एलटीएसपी.कॉन्फ`. तुमच्याकडे ती नसेल तर `/यूएसआर/शेअर/एलटीएसपी/कॉमन/एलटीएसपी` मध्ये नमुना आहे, तो कॉपी करा आणि परमिशन ०६६० ठेवा, कारण पुढेमागे त्यात पासवर्ड येऊ शकतात.

तुम्हाला हवी ती सोय त्यात आहेच. चौकटी कंसात `क्लायंट्स` असा विभाग असतो, त्याखाली ही ओळ टाका (नाव सगळं कॅपिटलमध्ये, मध्ये अंडरस्कोर):

`मास्क_सिस्टिम_सर्व्हिसेस="मायएसक्यूएल अपाची२"`

नावं स्पेस देऊन, मागे डॉट सर्व्हिस न लावता. मग `सुडो एलटीएसपी इनिटआरडी` आणि क्लायंट रिबूट. बस. इमेज परत बनवायची गरज नाही हे नीट लक्षात घ्या, कारण लोक उगाच दर वेळी इमेज बनवत बसतात आणि त्यात बराच वेळ जातो. ही कॉन्फिग इमेजमधून जात नाही, ती `एलटीएसपी.आयएमजी` नावाच्या छोट्या फाईलमधून टीएफटीपीने (बूटच्या फाईली नेटवर्कवरून पाठवायची साधी पद्धत) क्लायंटला मिळते आणि इनिटआरडीवाली कमांड तीच फाईल बनवते, काही सेकंदांचं काम.

आत काय होतं ते पण सांगतो म्हणजे भीती राहणार नाही. क्लायंट बूट होताना सिस्टमडी (सगळ्या सर्व्हिसेस सुरू करणारा मुख्य प्रोग्राम) सुरू व्हायच्या आधी एलटीएसपीचा आपला भाग चालतो, तो या सर्व्हिसेस मास्क करतो. मास्क म्हणजे त्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणारी फाईल) थेट `/डेव्ह/नल` कडे, म्हणजे रिकाम्या जागी. हे सगळं क्लायंटच्या रॅममधल्या ओव्हरलेत घडतं त्यामुळे सर्व्हरच्या डिस्कला हात लागत नाही, आणि प्रत्येक बूटला नव्याने घडतं त्यामुळे लाईट गेली काय आली काय फरक पडत नाही. डिसेबल केलेली सर्व्हिस दुसऱ्या कुणाची डिपेन्डन्सी म्हणून किंवा सॉकेटमुळे (कनेक्शन आलं की) उठू शकते, मास्क केलेली उठत नाही.

तुमच्या टेबलवरच्या मशीनसाठी त्या मशीनचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डचा स्वतःचा नंबर) चौकटी कंसात लिहून वेगळा विभाग करा आणि त्यात तीच ओळ परत लिहा, फक्त अपाची वगळून. त्या मशीनपुरती ती यादी लागू होईल. `कीप_सिस्टिम_सर्व्हिसेस` असाही एक पर्याय आहे पण तो मुख्यतः एलटीएसपी स्वतःहून ज्या सर्व्हिसेस बंद करतं त्यातली एखादी वाचवायला, उदाहरणार्थ एसएसएच.

तपासायला क्लायंटवर `सिस्टमसीटीएल इज-एनेबल्ड मायएसक्यूएल`, उत्तर `मास्क्ड` आलं पाहिजे. आणि यादीत अजून काय घालावं हे अंदाजाने ठरवू नका, आधी क्लायंटवर `सिस्टमडी-सीजीटॉप -एम` लावून बघा, रॅम खरंच कोण खातंय ते वरच दिसतं. नेटवर्कवाल्या सर्व्हिसला मात्र हात नको, रूट फाईलसिस्टिमच एनएफएसवर आहे, नेटवर्क गेलं की मशीन जागच्या जागी गोठतं.

प्रतिसाद २

वरचं बरोबर आहे पण मॅडम त्याने तुमचा अर्धाच प्रश्न सुटेल. मास्क केल्यावर मुलं सवयीने लोकलहोस्टलाच जातील आणि त्यांना २००२ नंबरचा एरर येईल, सॉकेटमधून कनेक्ट होता येत नाही म्हणून. डेटा गुपचूप उडण्यापेक्षा हा एरर बरा, लगेच कळतं तरी. पण मुलांना सर्व्हरच्या मायएसक्यूएलपर्यंत पोचवायचं काम बाकी राहतं.

उबंटूत मायएसक्यूएल फक्त १२७.०.०.१ वर ऐकतं. `/ईटीसी/मायएसक्यूएल/मायएसक्यूएल.कॉन्फ.डी` मधल्या `मायएसक्यूएलडी.सीएनएफ` मध्ये `बाइंड-ॲड्रेस` आहे, तिथे लॅबच्या बाजूच्या नेटवर्क कार्डचा आयपी द्या. एलटीएसपीच्या दोन कार्डांच्या नेहमीच्या मांडणीत तो १९२.१६८.६७.१ असतो. शून्य-शून्य-शून्य-शून्य देऊ नका, दुसरं कार्ड इंटरनेटकडे असेल तर तिकडूनही दार उघडं राहील. मग प्रत्येक मुलासाठी युजर बनवताना होस्टच्या जागी `१९२.१६८.६७.%` लिहा, नाहीतर युजर असूनही आत घेणार नाही. रूटने क्लायंटवरून जायचा प्रयत्न नको, उबंटूत तो पासवर्डवर चालतच नाही, सर्व्हरच्या स्वतःच्या सॉकेटवरच चालतो, आणि ते तसंच राहू द्या.

मुलांनी टाईप करायचं `मायएसक्यूएल -एच सर्व्हर -यू नाव -पी`. क्लायंटवर सर्व्हर हे नाव एलटीएसपीच ओळखीचं करून ठेवतं, आयपी पाठ करायची गरज नाही.

पीएचपीचं पण तसंच. फाईली मुलांच्या होममध्ये आहेत आणि होम मुळात सर्व्हरवरच आहे, म्हणून सर्व्हरच्या अपाचीला `ए२एनमॉड युजरडिर` (प्रत्येकाच्या होममधली पानं दाखवणारी सोय) करा, मुलांना `पब्लिक_एचटीएमएल` फोल्डर करायला सांगा. इथे दोन ठिकाणी हमखास अडकायला होतं. एक, उबंटू-डेबियनमध्ये युजरडिरमधलं पीएचपी मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, `मॉड्स-अव्हेलेबल` मधल्या पीएचपीच्या कॉन्फ फाईलमध्ये शेवटी तो ब्लॉक आहे, तिथे लिहिल्याप्रमाणे ओळींना कॉमेंट करा. दुसरं, २१.०४ पासून नवीन युजरचं होम ७५० परमिशनने बनतं, त्यामुळे अपाचीला आत शिरताच येत नाही आणि ४०३ (परवानगी नाही) येतो, त्याला `सीएचमॉड ओ+एक्स` लागतं.

आणि एक गोष्ट जी कुणी विचारत नाही पण मला फार महत्त्वाची वाटते. तुम्ही सर्व्हरचीच इमेज बनवता तेव्हा `/व्हार/लिब/मायएसक्यूएल` मधला मुलांचा डेटा, हजेरी वगैरे सगळं इमेजमध्ये जाऊ शकतं आणि ती इमेज एनएफएसवर लॅबमधल्या कुठल्याही मशीनला वाचता येते. मुलांची माहिती आहे ती, अशी पडून राहायला नको. `ॲड_इमेज_एक्सक्लूड्स` (इमेजमधून काय वगळायचं ती यादी) मध्ये `व्हार/लिब/मायएसक्यूएल/*` घाला आणि यासाठी मात्र इमेज नव्याने बनवा.

धागाकर्ती

दोघांचेही खूप खूप आभार! मायएसक्यूएल आणि अपाचीचं जसं सांगितलं तसं केलं, क्लायंटवर `मास्क्ड` दिसतंय, माझ्या टेबलवर अपाची चालू आहे, बाकी ठिकाणी नाही. मोकळी रॅम लगेच वाढलेली दिसली. मुलींच्या बॅचने आज सर्व्हर नावाने कनेक्ट होऊन टेबल बनवले, मी सगळी मशीन बंद करून परत चालू करायला लावली आणि टेबल जागेवर! ४०३ पण आला होता, परमिशन दिल्यावर गेला. इमेजमधल्या डेटाचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता, तो आज संध्याकाळी लॅब सुटल्यावर करते.

आता राहिली हजेरीवाली सर्व्हिस. ती यादीत टाकायच्या आधी एका क्लायंटवर हाताने `सुडो सिस्टमसीटीएल मास्क हजेरी` करून बघितलं तर म्हणतं फाईल आधीच अस्तित्वात आहे, मास्क होत नाही. त्या मुलाने युनिट फाईल (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी) `/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टिम` मध्ये ठेवलीय. तो आता पुण्याला नोकरीला आहे, त्याला त्रास द्यायला नको वाटतं. डिलीट तर करता येत नाही कारण सर्व्हरवर तीच हवी आहे.

प्रतिसाद १

मॅडम त्या पोराने काही चूक केलेली नाही, हाताने लिहिलेल्या युनिटची तीच जागा. फक्त मास्कची सिमलिंक पण नेमकी त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाने बनते, तिथे आधीच खरी फाईल असेल तर सिस्टमसीटीएल तिच्यावर लिहीत नाही.

तुमच्या केसमध्ये मास्क करूच नका, सर्व्हिसलाच विचारू द्या की मी सर्व्हरवर आहे का क्लायंटवर. एलटीएसपी क्लायंटच्या कर्नल कमांड लाईनमध्ये (बूट होताना कर्नलला दिलेले पर्याय) `एलटीएसपी.इमेज=` असं असतं, क्लायंटवर `कॅट /प्रॉक/सीएमडीलाईन` केलं की दिसेल. सर्व्हर स्वतःच्या डिस्कवरून बूट होतो म्हणून त्याच्या कमांड लाईनमध्ये ते नसतं. सर्व्हरवर `सुडो सिस्टमसीटीएल एडिट हजेरी` करा, जो एडिटर उघडेल त्यात वरच्या दोन कॉमेंटच्या मधल्या रिकाम्या जागेत (खालच्या कॉमेंटनंतर लिहिलेलं सेव्ह होत नाही) चौकटी कंसात `युनिट` आणि त्याखाली:

`कंडिशनकर्नलकमांडलाईन=!एलटीएसपी.इमेज`

उद्गारचिन्ह म्हणजे नसेल तरच. कमांड लाईनमध्ये बरोबरच्या चिन्हापुढे काय आहे ते लिहायची गरज नाही, डावीकडचा शब्द जुळला की पुरतं. सेव्ह केल्यावर मूळ युनिट फाईल तशीच राहते, शेजारी छोटी जोडफाईल बनते. म्हणजे उद्या त्या मुलाने नवीन युनिट पाठवलं तरी ही अट टिकेल.

ही जोडफाईल सर्व्हरच्या ईटीसीत आहे, ती क्लायंटपर्यंत इमेजमधूनच जाते, त्यामुळे यावेळी `एलटीएसपी इमेज /` लागेलच. तुम्ही संध्याकाळी एक्सक्लूडसाठी इमेज बनवणारच आहात ना, मग हे आधी करा आणि दोन्ही एकाच फेरीत उरका. नंतर क्लायंटवर `सिस्टमसीटीएल स्टेटस हजेरी` म्हणाल तर इनॲक्टिव्ह आणि खाली कंडिशन पूर्ण झाली नाही अशी ओळ दिसेल, तो एरर नाही, लाल रंगाचं काही येणार नाही. सर्व्हरवर रिबूटची वाट बघू नका, लगेच `सिस्टमसीटीएल रिस्टार्ट हजेरी` करून ॲक्टिव्ह दिसतंय ना ते बघा, म्हणजे उद्या सकाळी पहिल्या तासाला हजेरी अडायची नाही.