गुऱ्हाळाला सोलर आधी की चुलवाण आधी?

चिखलीचं_गुऱ्हाळ:
नमस्कार मंडळी. प्रयाग चिखलीच्या अलीकडं आमचं गुऱ्हाळ आहे, आजोबांच्या वेळचं. एक चरक (ऊस पिळायचं यंत्र), १५ एचपीची मोटर, रस आटवायला एकच काहील. दसरा झाला की चरक फिरतो तो शिमग्यापर्यंत.

गेल्या साली अवकाळीनं चिपाड (रस काढून उरलेला चोथा) भिजलं आणि जळणच संपलं. त्या आठवड्यात मी चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, जुने टायर घातले. काळा धूर शेजारच्या वस्तीवर गेला. जाळ घालणाऱ्या गड्याचा खोकला कितीतरी दिवस हटला नाही. त्याच्या घरी जाऊन आलो आणि ठरवलं, पुन्हा टायर नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावावर गुळाचा रवा (ढेप) विकायचा आणि खाली असलं जळण, हे मनाला पटत नाही.

एका सोलरवाल्यानं २० किलोवॅटचं कोटेशन दिलंय. पैसे एकाच कामापुरते आहेत. सोलर घेऊ की चुलवाण सुधारून घेऊ?

जुना_गुळव्या:
पाव्हणं, चुलवाण आधी. वीज लागते ती चरक फिरवायला, खरी आच लागते रस आटवायला. शंभर किलो रसात ऐंशीच्या वर पाणीच की. ते वाफ होऊन गेल्याशिवाय गूळ कुठला? एका काहिलीच्या चुलवाणात कितीतरी आच धुराड्यातनं नुसती वर जाते. त्या वाटेवर दुसरी काहील बसवा, पुढच्या आदणाचा (खेपेचा) रस तिथंच तापून तयार होतो. जाळाखाली बिडाची जाळी घाला, हवा खालनं येऊ द्या. काळा धूर म्हणजे न जळलेलं जळण.

आणि चिपाड. चरकातनं पडतं तेव्हा त्यात निम्मं पाणी असतं. ओलं घातलं की आधी तेच उकळत बसतं. दोन-तीन चांगली उन्हं दाखवा, मग पत्र्याखाली रचा. आम्ही दुसरी काहील बसवली त्या साली हंगाम संपला तरी चिपाड शिल्लक होतं.

मीटर_रीडिंग:
मी सोलर बसवायचं काम करतो, तरी गुळव्याकाकांच्या बाजूनं. शिवाय २० किलोवॅट तुम्हाला नकोच. १५ एचपी म्हणजे साधारण ११ किलोवॅट. रोज ८ तास आणि १२० दिवस धरले तर साडेदहा हजार युनिट. आपल्याकडं १ किलोवॅट पॅनेल वर्षाला १,४०० च्या आसपास युनिट देतं. ८ किलोवॅट पुरे.

नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज बिलातनं वजा होते त्यात, जादा युनिट ३१ मार्चपर्यंत पुढं ओढतात. एप्रिल-मेच्या कडक उन्हातली युनिट तुम्हाला हंगामात वापरता येतील, हे गुऱ्हाळवाल्यांच्या पथ्यावरच पडतं. मात्र मीटरला वेळेनुसार दर असतील आणि चरक पहाटे फिरत असेल तर हिशेब बदलतो. महावितरणकडून तेवढं लेखी घ्या.

काकवीवाली_कागल:
दादा, चिखली म्हणजे पुराचं गाव. २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठवर आलं होतं ती खूण बघून इन्व्हर्टर त्याच्या वर बसवा, हे विसरू नका.

कर्ज काढणार असाल तर तालुका कृषी कार्यालयात पीएमएफएमईचं (छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना) विचारा. मला त्यातनंच अनुदान मिळालं: खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख. आणि गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रॉस घालत असाल तर तेही सोडा. आम्ही रसाला फक्त रानभेंडीचं पाणी घालतो. गूळ तांबूस होतो. पहिल्या साली अडत्यानं भाव पाडला, मी रडले होते. आता पुण्याची गिऱ्हाईकं तोच रंग मागून घेतात. चुलवाणातली राख मात्र टाकू नका, उसालाच परत द्या, पालाश असतं त्यात.

चिखलीचं_गुऱ्हाळ:
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं, मिरगाच्या आत चुलवाण. गवंड्याला उद्याच बोलावतो. पॅनेल पुढल्या साली, ८ किलोवॅटच. ताई, भेंडीची लागण आत्ताच करून ठेवतो.

गुळव्याकाका, पहिली काहील आठ फुटी आहे. दुसरी तेवढीच घेऊ, की लहान चालेल? आणि दोन्हींत अंतर किती ठेवलंय तुम्ही?