डेन्मार्कमधील उपनगरी सार्वजनिक शाळा: इतिहास आणि कारभार

अंगणवेल (प्रश्न)

नमस्कार. गेल्या वर्षापासून आम्ही कोपनहेगनच्या पश्चिमेकडील एका उपनगरात राहत आहोत. थोरल्या मुलीला या वर्षी सहा वर्षे पूर्ण होत असल्यामुळे ऑगस्टमध्ये ती येथील सार्वजनिक शाळेत, म्हणजे फोल्केस्कोलेत, जाऊ लागेल. परवा आम्ही ती शाळा पाहून आलो. पिवळ्या विटांची, एकच मजला असलेली आणि जमिनीलगत लांबच लांब पसरलेली अशी ती इमारत आहे, आणि प्रत्येक वर्गाचे एक दार थेट अंगणात उघडते. मुख्याध्यापकांनी स्वतः आम्हांला सगळीकडे फिरवले आणि आपल्याला पहिल्या नावानेच हाक मारावी असे सांगितले. मात्र मी विचारलेल्या प्रत्येक दुसऱ्या प्रश्नावर त्यांचे उत्तर "ते वर्गशिक्षक ठरवतील", "ते मंडळाकडे आहे" किंवा "ते नगरपालिकेचे काम आहे" असे होते. परत येताना कारभारी नेमका कोण, हे मला येण्यापूर्वी होते त्यापेक्षाही कमी कळले होते.

त्याच दिवशी आमच्या भागातील जुन्या चर्चजवळ एक ठेंगणे, जाड भिंतींचे घर दिसले. त्याच्या दारावर एक कोरीव शिळा बसवलेली असून तिच्यावर राजमुद्रा आणि पद्यासारख्या काही ओळी आहेत. शेजारच्या आजोबांनी ती "जुनी शाळा" असल्याचे सांगितले. त्या घराचा आणि आमच्या पिवळ्या शाळेचा काही संबंध आहे का? या शाळा कोण चालवते? आणि सातवीपर्यंत गुण नाहीत, क्रमांक तर कधीच नाही, ही पद्धत कोठून आली? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

कोनाडा

तुम्ही पाहिलेले घर बहुधा रुटरस्कोले, म्हणजे "घोडदळाची शाळा" असावे. तेथे घोडेस्वारी शिकवत नसत. राजा चौथा फ्रेडरिक याने घोडदळाच्या पोषणासाठी राखून ठेवलेल्या सरकारी जमिनींवर 1721 पासून पुढच्या काही वर्षांत शेतकऱ्यांच्या मुलांसाठी 240 शाळा बांधल्या, त्यावरून हे नाव पडले. असे बारा जिल्हे होते आणि प्रत्येकात वीस शाळा होत्या. कोपनहेगनभोवतीचा प्रदेश त्यांपैकीच एक असल्यामुळे आज उपनगरांनी गिळलेल्या जुन्या खेड्यांच्या मध्यभागी यांतली काही घरे अजून तग धरून आहेत. दारावरच्या ओळींचा आशय असा की, देवा, तू मला पन्नास वर्षे सांभाळलेस, रोगराई, युद्ध आणि साथ यांनी माझे काही वाईट केले नाही, म्हणून तुझे आभार मानून मी गरिबांच्या हितासाठी शाळा बांधतो आहे. राजाचा जन्म 1671 चा, तेव्हा 1721 मध्ये त्याला पन्नास वर्षे झाली होती. थोडक्यात, ती शिळा म्हणजे राजाच्या वाढदिवसाची नोंद आहे. आतमध्ये एक खोली वर्गाची आणि उरलेला भाग शिक्षकाच्या बिऱ्हाडाचा, एवढाच संसार असे.

पुढचा टप्पा 1814 चा. त्या वर्षीच्या कायद्याने सर्व मुलांना सात वर्षे शिक्षण देणे बंधनकारक केले. येथे एका शब्दाकडे लक्ष द्यावे. सक्ती शिक्षणाची होती, शाळेत जाण्याची नव्हती, आणि ती आजही तशीच आहे. ज्याला आपल्या मुलाला घरी किंवा पालकांनी मिळून काढलेल्या शाळेत शिकवायचे असेल त्याला तशी मोकळीक असते, फक्त ते शिक्षण सार्वजनिक शाळेच्या तोडीचे असले पाहिजे. 1855 च्या कायद्याने या मोकळिकीला स्पष्ट रूप दिले, आणि 1953 च्या राज्यघटनेतील 76 व्या कलमात सार्वजनिक शाळेतील मोफत शिक्षणाचा हक्क आणि ही मोकळीक या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या.

तथापि खेड्यातली शाळा आणि शहरातली शाळा यांच्यात दीर्घकाळ जमीन-अस्मानाचा फरक होता. खेड्यातली मुले एक दिवसाआड शाळेत येत, कारण मधल्या दिवशी ती शेतात लागत. शहरात मात्र रोज शाळा भरे आणि विषयही अधिक असत. उपनगरांची खरी गंमत येथेच आहे. गेन्टोफ्टे, ग्लाडसाक्से, रोडोव्रे, ह्विडोव्रे या नगरपालिका 1970 च्या पुनर्रचनेपर्यंत कागदोपत्री "ग्रामीण परगणे" होत्या, जरी तेथे एव्हाना बागांतल्या बंगल्यांच्या आणि भाड्याच्या सदनिकांच्या रांगा उभ्या राहिल्या होत्या. 1947 च्या "बोटांच्या आराखड्या"ने, म्हणजे लोकलगाडीच्या मार्गांवर पाच बोटांसारखी वस्ती वाढवण्याच्या योजनेने, या भागांना लोकांची भरती आणली. त्याच सुमारास युद्धकाळात वाढलेल्या जन्मदराची पिढी शाळेच्या वयाला आली. अवघ्या काही वर्षांत शाळांवर शाळा बांधाव्या लागल्या, आणि तुमची पिवळी शाळा त्याच धांदलीचे अपत्य असावी.

या धांदलीतून निघालेले सर्वांत सुंदर उदाहरण गेन्टोफ्टे नगरपालिकेतील मुंकेगोर शाळेचे आहे. वास्तुविशारद आर्ने याकोब्सेन यांनी 1957 मध्ये पूर्ण केलेल्या या एकमजली शाळेत वर्ग जोडीजोडीने बांधले असून प्रत्येक जोडीला स्वतःचे छोटे अंगण आहे, आणि उजेड एकाच बाजूने न येता वरच्या खिडक्यांतूनही आत उतरावा अशी छपरांची रचना आहे. हजारभर मुलांची शाळा असूनही सहा वर्षांच्या मुलाला तिथे हरवल्यासारखे वाटू नये, हा त्यामागचा विचार होता. तुमच्या शाळेत वर्गाचे दार थेट अंगणात उघडते म्हणालात, तो याच पिढीचा संस्कार आहे.

तळटीप

कोनाडा यांनी इतिहासाचे काम केले आहे, तेव्हा मी कारभारावर आणि गुणांच्या प्रश्नावर येतो. आमची दोन मुले अशाच शाळेतून बाहेर पडली आहेत.

गुणांची गोष्ट समजून घ्यायची असेल तर एकच धागा धरावा: मुलांची निवड कोणत्या वयात करायची? 1903 च्या कायद्याने पाचवीनंतर चार वर्षांची "मधली शाळा" आणली आणि सार्वजनिक शाळेतून माध्यमिक शिक्षणाकडे जाणारा जिना पहिल्यांदा तयार झाला. पण या जिन्याची किंमत अशी होती की अकराव्या वर्षीच मुलांची वर्गवारी होई. 1958 च्या कायद्याने मधली शाळा रद्द केली, खेडे आणि शहर हा भेद संपवला आणि खरी विभागणी सातवीनंतर नेली. 1972 मध्ये शिक्षणाची सक्ती सात वर्षांवरून नऊ वर्षांवर आली. 1975 मध्ये सातवीनंतरची परीक्षाभिमुख शाखा बंद झाली, आणि 1993 च्या कायद्याने काही विषयांतल्या वरच्या-खालच्या पातळ्याही काढून टाकल्या. म्हणजे नव्वद वर्षांत ही निवड अकराव्या वर्षापासून सरकत सरकत सोळाव्या वर्षापर्यंत गेली. गुणपत्रक आठवीत येण्याचे कारण हेच आहे. त्याआधी ज्याच्या आधारे निवड करायची असा निर्णयच समोर नसतो, मग क्रमांक लावायचा कशासाठी?

म्हणून सगळा भर "वर्ग" या घटकावर असतो. तुमची मुलगी शून्याव्या इयत्तेत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, ज्या वीस-पंचवीस मुलांबरोबर बसेल, त्यांतली बहुतेक मुले नववीपर्यंत तिच्याच वर्गात असतील. वर्गात जास्तीत जास्त 28, आणि दुसरीपर्यंतच्या लहान इयत्तांत 26, मुले असावीत असा सर्वसाधारण नियम आहे. एका इयत्तेचे दोन किंवा तीन वर्ग असतात आणि त्यांना अ, ब, क अशी अक्षरे असतात, पण "अ" म्हणजे हुशारांची तुकडी अशी समजूत करून घेऊ नये. शून्य ते तिसरी, चौथी ते सहावी आणि सातवी ते नववी असे साधारणपणे तीन टप्पे असतात. वर्गशिक्षक एका टप्प्यात सहसा बदलत नाहीत. बहुधा डॅनिश भाषा शिकवणारेच वर्गशिक्षक असतात, आणि मुलांच्या आपसांतल्या भांडणांपासून पालकांच्या बैठकीपर्यंत सर्व गोष्टी त्यांच्याकडे येतात. मुख्याध्यापकांनी तुम्हांला त्यांच्याकडे बोट दाखवले ते टाळाटाळ म्हणून नव्हे.

आता कारभार. पायऱ्या चार आहेत. विषय कोणते, उद्दिष्टे काय, नववीची परीक्षा कशी, हे संसद कायद्याने ठरवते. शाळा ही नगरपालिकेची मालमत्ता आणि जबाबदारी असते. पैसा, इमारती, कोणत्या रस्त्यावरचे मूल कोणत्या शाळेच्या हद्दीत येते, शाळा ठेवायची की दुसरीत विलीन करायची, हे नगरपालिका ठरवते. 1990 पासून प्रत्येक शाळेला स्वतःचे मंडळ असते आणि त्यात पालक प्रतिनिधींचे बहुमत असते. पालक चार वर्षांसाठी निवडून येतात, आणि त्यांच्याबरोबर कर्मचाऱ्यांचे व विद्यार्थ्यांचेही प्रतिनिधी बसतात. हे मंडळ "तत्त्वे" ठरवते. गृहपाठ किती, शाळा आणि घर यांचा संपर्क कसा, सहलीच्या खर्चाचे काय, असे विषय त्यात येतात. एखाद्या विशिष्ट मुलाबद्दल किंवा शिक्षकाबद्दल चर्चा असेल तेव्हा विद्यार्थी प्रतिनिधींना बाहेर थांबावे लागते. उरलेला सर्व रोजचा कारभार मुख्याध्यापकांचा. त्यांना वर नगरपालिकेला आणि शेजारी मंडळाला, अशा दोन्ही बाजूंना उत्तर द्यावे लागते.

शाळा सुटल्यावर त्याच आवारात लहान मुलांसाठी एसएफओ, म्हणजे फावल्या वेळाचे केंद्र, असते. ते मोफत नसते आणि त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते, हे विसरू नये.

अंगणवेल

दोघांचेही मनःपूर्वक आभार. शिळेवरच्या ओळींचा अर्थ कळल्यावर मी काल पुन्हा तेथे जाऊन उभी राहिले. एक शंका उरली आहे. आमच्या हद्दीची शाळा आवडली नाही तर दुसरीकडे जाता येते का? आणि शेजारणीने मुलाला "फ्रिस्कोले"त घातले आहे, ती खाजगी इंग्रजी माध्यमासारखी शाळा असते का?

पाटीवरचा

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. फ्रिस्कोले म्हणजे आपल्याकडच्या अर्थाने महागडी खाजगी शाळा नव्हे. वर आलेल्या 1855 च्या मोकळिकीतून निघालेली ती पालकांची शाळा आहे. तिचा मोठा खर्च सरकार दर विद्यार्थ्यामागे अनुदान देऊन उचलते आणि पालक उरलेली फी भरतात. कोणी विचारांसाठी, कोणी धर्मासाठी, तर कोणी केवळ लहान वर्गासाठी तिकडे जातात. सार्वजनिक शाळांच्या बाबतीत, हद्दीच्या शाळेत जागा मिळण्याचा हक्क तुम्हांला असतोच, आणि दुसऱ्या शाळेत, अगदी शेजारच्या नगरपालिकेतसुद्धा, जागा रिकामी असल्यास अर्ज करता येतो.

मात्र तळटीप यांनी रेखाटलेले चित्र मला जरा जास्तच गुळगुळीत वाटते. निवड सोळाव्या वर्षापर्यंत पुढे ढकलली हे खरे आहे, पण ती शाळेच्या दारातून बाहेर पडून घरांच्या बाजारात शिरली आहे. हद्द पत्त्यावर ठरत असल्यामुळे ऐपत असलेली कुटुंबे पत्ताच निवडतात. त्यामुळे एकाच लोकलमार्गावर दोन स्थानकांच्या अंतराने असलेल्या शाळांतल्या वर्गांचे स्वरूप अगदी निराळे असू शकते. कायद्याने शहर-खेडे हा भेद मिटवला, पण उपनगर-उपनगर हा भेद कायद्याच्या हातात नाही.

दुसरे असे की, सुधारणा नेहमी शांतपणे आल्या नाहीत. 2013 च्या एप्रिलमध्ये शिक्षकांच्या कामाच्या वेळेवरून नगरपालिकांच्या संघटनेने शिक्षकांना कामावर येऊ देण्याचे थांबवले. जवळजवळ चार आठवडे देशभरातल्या बहुतेक सार्वजनिक शाळांतले वर्ग बंद होते, आणि अखेर संसदेने कायदा करून तो वाद मिटवला. पुढच्याच वर्षीच्या सुधारणेने शाळेचा दिवस लांबवला, रोज सरासरी 45 मिनिटे शारीरिक हालचाल ठेवली आणि इंग्रजी पहिलीपासून सुरू केले. तेव्हापासून त्या लांब दिवसाला कात्री लावण्याची मागणी थांबलेली नाही, आणि लहान इयत्तांच्या तासांत कपात झालीही आहे. तुमच्या शाळेतील जुन्या शिक्षकांपुढे 2013 चा विषय काढताना थोडे जपून बोलावे.

एक व्यवहारातली गोष्ट सांगतो, कारण ती आम्हांला चुकल्यावर कळली. शाळेचा सगळा निरोप 2019 पासून "आउला" नावाच्या एकाच ॲपवर येतो, कागदाची चिठ्ठी दप्तरात येत नाही. पहिल्या आठवड्यात आम्ही ते उघडलेच नव्हते. वनात जायच्या दिवशी आमचा मुलगा कापडी बूट घालून आणि डब्याशिवाय गेला. बहुतेक शाळांत शिजवलेले जेवण मिळत नाही, घरचा डबा हीच रीत आहे. त्या दिवशी वर्गातल्या चार मुलांनी आपल्या राईच्या ब्रेडचा एकेक तुकडा त्याला दिला, आणि संध्याकाळी त्याने घरी येऊन लिव्हरची ती भुरकट चटणी आपल्याही डब्यात हवी असा हट्ट धरला.

कोनाडा

पाटीवरचा यांचा आक्षेप मला मान्य आहे. फक्त एक भर घालतो. अंगणवेल, मंडळाच्या पालक प्रतिनिधींची निवडणूक कधी आहे ते मुख्याध्यापकांना विचारून ठेवा. डॅनिश नागरिकत्वाची अट त्यात नाही, शाळेत मूल असणे पुरेसे आहे. कारभारी कोण हा तुमचा मूळ प्रश्न होता, तेव्हा त्या टेबलाभोवती एक खुर्ची तुमचीही असू शकते.

अंगणवेल

विचारले. पालकांच्या पहिल्या बैठकीतच उमेदवारीची माहिती देणार आहेत. माझी डॅनिश अजून अडखळती असल्याचे मी सांगितले, तर ते हसून म्हणाले की मंडळाच्या बैठकीत निम्मे लोक आपापले वाक्य अर्धवटच सोडतात.