लग्नाच्या पंचविशीला शॅम्पेन : मॅग्नम (मोठी बाटली) की साध्या बाटल्या?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर) : मे महिन्यात, संध्याकाळी गच्चीवर, ५० पाहुणे. फक्त टोस्टपुरती, म्हणजे ग्लास उंचावून शुभेच्छा देण्यापुरती हवी. किती आणू?

उत्तर १ : टोस्टला माणशी १०० मिली पुरते. म्हणजे ५ लिटर, ७५० मिलीच्या ७ बाटल्या. फेस सांडतोच, ८ धरा. मॅग्नम १.५ लिटरची, एक फोटोपुरती घ्या. ३ लिटरची जेरोबोम नको, ओतताना मनगट भरून येतं आणि ती लवकर गारही होत नाही.

उत्तर २ : भाऊ, नागपूरचा मे! खरा घोळ तिथेच. कोमट बाटली उघडली की अर्धी फरशीवर. बादलीत बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं, बाटली मानेपर्यंत बुडवून अर्धा तास. मॅग्नमला पाऊण तास. नुसत्या बर्फात फटी राहतात, वेळ लागतो. ८ ते १० अंश पुरे.

उघडताना अंगठा बुचावरच. तारेची कडी सहा अर्धे फेरे फिरवून सैल करा, पण काढू नका. बाटली तिरकी, तोंड माणसांपासून दूर. बूच घट्ट धरून बाटली फिरवा. आत सुमारे ६ वातावरणांचा (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सहापट) दाब असतो, बूच डोळ्याला लागू शकतं. फुस्स आवाज आला की जमलं.

उत्तर ३ : ग्लास तिरका धरून ओता, बुडबुडे टिकतात. आणि हलवून उडवायची हौस असेल तर स्वस्तातली आणा राजेहो!