मदत हवी आहे: व्यसनमुक्ती केंद्र सुचवा, अर्जंट

वैतागलेला_बाप: पुण्याच्या जवळपास चांगलं व्यसनमुक्ती केंद्र सांगा, मुलाला उद्याच टाकायचाय. समजावून झालं, मारून झालं, पॉकेटमनी बंद केला. लेक्चर नकोत, फक्त नाव आणि खर्च सांगा.

कोकणकडा: वय किती? घेतो काय? दारू, गांजा की अजून काही? कधीपासून?

खमंग_चिवडा: मुक्तांगण. 1986 पासून आहे, अवचट दांपत्याने सुरू केलेलं, पुलंनी देणगी दिली होती. मुलगा लहान असेल तर त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे का ते आधी फोन करून विचारा, मोठ्या बेवड्यांच्यात ठेवू नका.

वैतागलेला_बाप: अकरावीत आहे. दारू नाही हो, गोळ्या. दप्तरात अर्धी स्ट्रिप सापडली.

गावरान_तडका: केंद्रबिंद्र सोडा, पैसे खातात. आमच्या शेजारच्यांनी पोराला आठवडाभर खोलीत कोंडला, सुधारला. नाहीतर एक पावडर मिळते, वरणात कालवून द्यायची, कळतही नाही.

नाईट_ड्युटी_सिस्टर: तडका, कृपया असले सल्ले देऊ नका!! दारू सोडायच्या गोळ्या चोरून अन्नात घातल्या आणि वरून माणूस प्यायला तर बीपी पडून जीवावर बेततं, आणि इथे तर दारूचा विषयच नाहीये. दादा, स्ट्रिपवर काय लिहिलंय ते वाचा आधी. नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम असं झोपेच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्यांचं काही नाव असेल आणि तो रोज घेत असेल तर कोंडून एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. आणि सगळ्याच मुलांना भरती लागत नाही, आधी मानसोपचारवाल्यांना दाखवा, बऱ्याच जणांचं ओपीडी आणि समुपदेशनावर भागतं.

गावरान_तडका: त्याला काही झालं नाही ना पण. अनुभव सांगितला.

नाईट_ड्युटी_सिस्टर: तो गोळ्या घेत होता का?

गावरान_तडका: नाही, गुटखा.

कोकणकडा: 😂 ही 'बटणं' आहेत म्हणजे, नशेसाठी घेतात त्या झोपेच्या गोळ्या. चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी मिळतात. त्या मेडिकलवाल्याची एफडीएकडे तक्रार करा पहिली.

विदर्भाचा_वाघ: बंदीने काय होतं? चंद्रपुरात 2015 ला दारूबंदी केली, 2021 ला उठवली, मधल्या काळात चोरून चालूच होती.

खमंग_चिवडा: वाघ, प्रत्येक धाग्यावर चंद्रपूर?

आईची_लाडकी: मुलाचं दप्तर न विचारता तपासणं मला पटलं नाही. तो का घेतो हे कुणी विचारलं का त्याला? झोप लागत नसेल, क्लासचं टेन्शन असेल. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, 14416 वर मराठीत बोलतात, फुकट आहे, आईवडिलांनीही फोन केला तर चालतो.

वैतागलेला_बाप: दप्तराचं राहू द्या ताई. नायट्राझेपाम 10 लिहिलंय. रोज घेतो का माहीत नाही, आई विचारतेय आत्ता, मी बोललो की दार आपटतो. सिस्टर, सिव्हिलला हे बघणारे डॉक्टर असतात का आणि केसपेपर किती वाजेपर्यंत काढतात?