४ वर्षांच्या पोराला विज्ञानाचं पुस्तक कसं वाचून दाखवायचं?

पारोळ्याची आई: रात्री झोपताना रोज वाचते, कोल्ह्या-माकडाची गोष्ट असली तर गुपचूप ऐकतो पण झाडं किडे असलं काही काढलं की दुसऱ्या पानालाच पळतो. आणि प्रकाशसंश्लेषण आलं की मीच अडखळते 😅

रावेरकर: ताई सगळं वाचताच कशाला, चित्रावर बोट ठेवून विचारा हे काय करतंय. आमच्या पोरीला सुरवंटाचं पान दाखवलं न दुसऱ्या दिवशी कढीपत्त्यावर लिंबू फुलपाखराचा सुरवंट सापडला, लहानपणी तो डिट्टो चिमणीच्या शिटेसारखा दिसतो म्हणून पक्षी खात नाहीत. ते ऐकून इतकी हसली की तेच पान ८ दिवस वाचायला लावलं, माझं डोकं उठलं भो.

कपाशीवाला: पुस्तक वावरात न्या. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पिवळट पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी. दोन्ही शेजारी धरा.

चोपड्याची मावशी: प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर वेबसाइटवर मराठी पुस्तकं फुकट आहेत, लेव्हल १ (सगळ्यात सोपी) पासून सुरू कर. मोबाईल मात्र त्याच्या हातात देऊ नको.

पारोळ्याची आई: शिटेवाला सुरवंट चालेल आमच्याकडे, उद्याच कढीपत्ता बघते