कोलॅजेन इतके चिवट असताना कूर्चेला शर्करेच्या साखळ्या कशासाठी लागतात?

प्रश्न (कोथरूड, पुणे):
नमस्कार. मी प्राणिशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पेशीबाह्य आधारद्रव्य शिकताना एका ठिकाणी अडले आहे. कोलॅजेनचे तंतू जर इतके बळकट असतात, तर पर्वतीच्या पायऱ्या चढता-उतरताना सारा भार झेलणाऱ्या गुडघ्याच्या कूर्चेत प्रोटीओग्लायकॅन (शर्करेच्या लांब साखळ्या जोडलेली प्रथिने) कशासाठी लागतात? शिवाय हायल्युरोनिक आम्ल हीही शर्करेची लांब साखळीच, मग तिची गणना त्यांच्यात का करत नाहीत?

उत्तर १:
दोर ओढला तर टिकतो, पण दाबला तर दुमडतो. कोलॅजेनचेही तसेच आहे. कूर्चेतील अ‍ॅग्रेकॅन या प्रोटीओग्लायकॅनच्या मधल्या प्रथिनाला कॉन्ड्रॉइटिन सल्फेट या सल्फेटयुक्त शर्करेच्या सुमारे १०० साखळ्या जोडलेल्या असतात. त्यांच्यावरील ऋणभार सोडियमचे आयन ओढून घेतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी येते. अ‍ॅग्रेकॅन फुगू पाहते आणि कोलॅजेनची (टाइप २) जाळी त्याला आवरून धरते. या ओढाताणीतूनच कूर्चेला ताठरपणा येतो. भार पडला की थोडे पाणी बाहेर जाते, जवळ आलेले ऋणभार एकमेकांना अधिकच दूर लोटतात आणि भार उतरताच पाणी परत येते.

हायल्युरोनिक आम्लाला मधले प्रथिनही नसते आणि सल्फेटही नसते. ते गॉल्जी पिंडात नव्हे, तर पेशीपटलावरच तयार होते. झावळीच्या दांड्याला पाती असावीत, तशी अ‍ॅग्रेकॅनचे अनेक रेणू त्याला चिकटतात आणि एवढा मोठा समूह जाळीतून निसटत नाही.

उत्तर २:
जाळीच्या बळकटीविषयी थोडी भर घालतो. कोलॅजेनच्या तीन साखळ्यांचा पीळ १९५४ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडला, याचा मला फार अभिमान वाटतो. पिळाच्या मध्यभागी इतकी कमी जागा असते की दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसिनच असावे लागते. साखळीतील प्रोलिन या अमिनो आम्लावर हायड्रॉक्सिल गट बसवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) क जीवनसत्त्व लागते. ते न मिळाल्यास पीळ सैल पडतो आणि स्कर्व्ही होतो.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. मग संधिवातात आधी काय झिजते?

उत्तर १:
अस्थिसंधिवातात बहुधा आधी अ‍ॅग्रेकॅन तुटते. पेशी ते काही प्रमाणात पुन्हा तयार करू शकतात. पण कोलॅजेनची जाळी एकदा फाटली की प्रौढ वयात ती जवळजवळ भरून येत नाही.