घरकुलं विकली जातात, म्हणून बांधायचीच नाहीत का?

पूर्वभागकर
परवा इथं एकानं लिहिलं होतं, "घरकुलं शेवटी विकलीच जातात नाहीतर भाड्यानं जातात. सरकारनं घरं बांधायचा उद्योग बंद करावा, सरळ खात्यात पैसे टाकावेत." दोन दिवस ते डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आम्ही सोलापूरच्या साखर पेठेत एका खोलीत सहाजण राहायचो. दर दिवाळीला मालक भाडं वाढवायचा, नाहीतर खोली खाली करा म्हणायचा. आई विड्या वळायची. 1 सप्टेंबर 2006 ला शहराजवळच्या कुंभारीत गोदूताई परुळेकर वसाहतीच्या चाव्या द्यायला पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. 10 हजार घरं, सगळी विडी कामगार बायकांची. घराची किंमत 60 हजार: केंद्राचे 20, राज्याचे 20 आणि बाईचे 20. त्यातलं एक आमचं. त्या दिवसापासून आईला कुणी खोली खाली कर म्हणालं नाही.

आता पैशांचं. प्रधानमंत्री आवासमध्ये केंद्र दीड लाख देतं, राज्य एक लाख. हे अडीच लाख एकट्या बाईच्या खात्यात आले तर सोलापुरात तिला कोण जागा देईल? रस्ता, गटार, पाण्याची टाकी एकटी कुठून आणेल? 30 हजार कुटुंबं एकत्र आली म्हणून रे नगर ही कुंभारीतलीच कामगारांची नवी वसाहत उभी राहिली. पायाभरणी 2019 ला आणि 19 जानेवारी 2024 ला पहिली 15 हजार घरं ताब्यात.

विक्री होते हे खरंय, मी डोळे मिटलेले नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की विकायचं तर आधी वसाहतीच्या गृहनिर्माण संस्थेला विका. भरलेले पैसे, वरची महागाई आणि वाढवलेल्या खोलीचा खर्च घ्या, नि घर यादीतल्या दुसऱ्या कामगार बाईला जाऊ द्या. नाहीतर सरकारी पैशातून झालेलं स्वस्त घर एका सहीत महाग होतं आणि परत कधीच स्वस्त होत नाही.

जुळेसोलापूर
माझं वार्षिक उत्पन्न घरकुलासाठीच्या 3 लाखांच्या मर्यादेच्या जरासं वर. म्हणून मला काहीच नाही. वीस वर्षांचा हप्ता डोक्यावर आहे. आमच्यासाठी मोर्चा कुणी काढत नाही. ज्याला फुकटात मिळतं त्याला किंमत नसते, म्हणून तो विकतो.

पूर्वभागकर
फुकट कुठलं? 20 हजार भरायला आईनं किती लाख विड्या वळल्या असतील, मोजा. तुमच्या हप्त्याचं दुःख खरंय, मर्यादेचा तो काठ चुकीचा आहे हेही मान्य. पण तुम्हाला मिळालं नाही म्हणून तिचं काढून घ्यायचं?

घरकुलची लेक
अण्णा, तुमचा नियम ऐकायला छान आहे. आमचं घर आम्ही विकलंय. आईची किडनी गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, वर औषधं, वर रिक्षा. भावानं गिऱ्हाईक आणलं, दोन दिवसांत रोख मिळाली. तुमच्या संस्थेनं महागाई धरून हिशोब केला असता तर त्याच्या निम्मेही हातात आले नसते. जुळे सोलापुरातला बंगलेवाला बाजारभावानं विकतो, त्याला कुणी विचारत नाही. गरिबानंच का बांधून घ्यायचं स्वतःला? आयुष्यात एकदाच त्याच्या हातात किंमतीची वस्तू आली, त्यावरही तुमची नजर.

तिसरा मजला
विषय घरं टिकवण्याचा आहे ना, मग मी सांगतो ती का टिकत नाहीत. आमच्या इमारतीत बायका जिन्यात बसून विड्या वळतात. तंबाखूची पूड पायरीपायरीवर. माझ्या पोराला धाप लागते. तीनदा तक्रार केली, काही फरक नाही. असं असेल तर माणूस घर विकून जाणारच.

पूर्वभागकर
काय बोलायलाव तुम्ही? त्यांनी बसायचं कुठं? 300 फुटांत पोरं अभ्यास करतात, म्हातारा झोपलेला असतो. तेंदूचं पान भिजवायचं, कातरायचं, वळायचं आणि कारखान्यातला चेकर खराब विड्या बाजूला काढायला, म्हणजे छाट काढायला बसायच्या आत माल द्यायचा. उजेड आणि वारा जिन्यातच असतो.

तिसरा मजला
म्हणजे माझ्या पोरानं खोकायचं? मलाही आई होती, तीही वळायची. शेवटी शेवटी तिच्या छातीची घरघर मला शेजारच्या खोलीत ऐकू यायची. म्हणूनच सांगतोय, विडी घराबाहेर काढा.

मागवाला
दोघंही भांडू नका. चूक नकाशा काढणाऱ्याची आहे. कामावरून दमून घरी येणाऱ्या माणसासाठी हे घर काढलंय. आपल्याकडं घर हाच कारखाना. माझ्या वडिलांच्या घरात खाली कापड विणायचे दोन माग, वर आम्ही. माग थांबला की आजी जागी व्हायची, इतका त्या आवाजाचा सराव. तिसऱ्या मजल्यावर माग चढतो का? म्हणून आमच्यातल्या बऱ्याच जणांनी अर्जच केला नाही. कुंभारीच्या बैठ्या घरांना ओटा तरी आहे, बायका चौघी-पाचजणी बसतात, तंबाखू उघड्यावर राहते. इमारतीत प्रत्येक जिन्याला एक कामाची खोली द्या, खिडक्या मोठ्या ठेवा. या पोराची धाप आणि त्या बायकांची मजुरी, दोन्ही वाचतील.

जुळेसोलापूर
विडीच बंद झाली पाहिजे. पाकिटावर 85 टक्के जागेत कॅन्सरचं चित्र आणि त्याच धंद्यासाठी सरकारनं खोल्या बांधायच्या?

पूर्वभागकर
बंद करा की! आधी पन्नाशीच्या बाईला दुसरं काम द्या. त्या विडीवर शिकलेल्या इंजिनिअर आणि नर्स पोरी आमच्या गल्लीत आहेत. कुणाच्या हातातलं पान काढून घेण्याआधी त्या हातात काय देणार ते सांगा.

तिसरा मजला
कामाची खोली असेल तर माझी तक्रार नाही. पण ती बांधून होईपर्यंत जिना रोज पुसला पाहिजे. यावर मी माघार घेणार नाही.

घरकुलची लेक
तुम्ही सगळे तंबाखूत अडकलात. माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही. संस्थेनं घर घ्यायचं तर पैसे कुठून? आणि कधी? डायलिसिस थांबत नाही.

पूर्वभागकर
अक्का, तुमचं बरोबर. मी तो भाग गिळला होता. संस्थेकडं राखीव निधी नसेल तर माझा नियम म्हणजे आजारी माणसाच्या गळ्यातला दगड. एक सांगतो. विडी कामगारांसाठी 1976 च्या कायद्यानं विड्यांवर उपकर होता. त्यातून दवाखाना, पोरांची शिष्यवृत्ती, घरासाठी अनुदान मिळायचं. 2017 ला जीएसटी आला आणि उपकर गेला. विडीवर 28 टक्के कर लागला, पण त्यातला पैसा कामगारांसाठी बाजूला ठेवायचं बंधन उरलं नाही. तो निधी परत मागायला हवा, त्यातून उपचार व्हायला हवेत आणि अडचणीतलं घर संस्थेनं आठवड्यात विकत घेतलं पाहिजे. आधी दवाखाना, मग विक्रीचा नियम. माझ्या पहिल्या लिखाणात हा क्रम उलटा होता.

घरकुलची लेक
ठीक आहे. एवढं मानते, की आमचं घर ज्यानं घेतलं त्याची शहरात आणखी दोन आहेत. तो तिथं राहत नाही, भाडं घेतो. ते घर एखाद्या वळणाऱ्या बाईला गेलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण मी विकलं याची लाज वाटून घेणार नाही. आई त्यानंतर तीन वर्षं जगली. आता मी भाड्याच्या खोलीत आहे, दिवाळीला मालक काय म्हणतो त्याची वाट बघत.